करवंदवाडीचं ऊन

"तुमचा चहा जरा थांबवता येईल का?"

मी जयसिंगशी बोललेलं पहिलं वाक्य हे. ना नाव, ना गाव, ना ओळख. वेताळ टेकडीवर थंडीतल्या एका सकाळी, कानावर हेडफोन, केसांत वाळलेली पानं आणि चेहऱ्यावर बहुधा रडण्याच्या बेतात असल्याचा भाव — अशी मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले होते.

त्यानं मान वर केली. समोर काळ्याशार काचेची घडी पुस्तकासारखी उघडून उन्हात मांडलेली. शेजारी डब्याएवढी राखाडी पेटी. पेटीला लावलेली छोटी विजेची किटली, आणि किटलीतलं पाणी नुकतंच कुजबुजायला लागलेलं.

"चहा थांबवू?" तो म्हणाला. "का?"

"त्या पेटीत वीज आहे ना? मला हवीय. आत्ताच्या आत्ता. माझ्यासाठी एक माणूस थांबलाय."

त्यानं उताराकडे नजर टाकली. टेकडीवर आम्हा दोघांशिवाय फक्त एक मोर होता.

"कुठे थांबलाय?"

"हिंदी महासागरात."

दुसरा कुणी असता तर हसला असता. पुण्यात तर नक्कीच. यानं मात्र पटकन किटलीची पिन उपसली, पेटी उचलली आणि एवढंच विचारलं, "बारा व्होल्टवर चालतं ना तुमचं जे काय आहे ते?"

माझं जे काय आहे ते म्हणजे माझा रेडिओ. मी हौशी रेडिओवाली आहे. परीक्षा देऊन परवाना घ्यायचा, झाडाला तार बांधायची आणि जगाच्या पाठीवर कुठेतरी अशीच तार बांधून बसलेल्या माणसाशी बोलायचं, हा आमचा छंद. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात याला 'शरयूची थेरं' म्हणतात. त्या सकाळी दक्षिणेकडच्या एका एकाकी बेटावरचा, हवामान केंद्रातला माणूस मला सापडला होता. वर्षातून एखाद्या वेळी ऐकू येणारा आवाज! मी माझं नाव सांगितलं, आणि... माझी म्हातारी बॅटरी तिथेच निवर्तली.

जयसिंगनं लाल तार लाल टोकाला आणि काळी काळ्याला लावली. रेडिओचा दिवा उजळला. खरखर आली, शिट्ट्या आल्या आणि त्यांच्या पलीकडून, गोधडीखालून यावा तसा तो आवाज आला. अजून मलाच हाका मारत होता.

मी हेडफोन काढून टाकले. हे एकटीनं ऐकायचं नव्हतंच.

बेटावरच्या माणसानं सांगितलं की गारा पडताहेत. खिडकीखाली सील प्राण्यांचा कळप लोळतोय. बोट यायला अजून पुष्कळ अवकाश आहे, आणि तुझा आवाज ऐकून बरं वाटलं. मग खरखर वाढली आणि तो विरून गेला.

जयसिंग गुडघ्यांना मिठी मारून बसला होता. 

"गारा पडताहेत तिकडे," शेवटी हळूच म्हणाला. जणू मोठ्यानं बोललं तर त्या थांबतील. "मध्ये तार नाही. टॉवर नाही. मग आवाज आला कसा?"

"आकाशाला आपटून."

"म्हणजे?"

"खूप उंचावर हवेचा एक थर असतो. उन्हानं तयार होतो तो. रेडिओच्या लहरी तिथे आपटतात आणि खाली येतात, दुसऱ्याच देशात."

त्यानं वर पाहिलं. मग आपल्या काळ्या सौर पॅनलकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"म्हणजे तुमचं आकाशसुद्धा सूर्यच चार्ज करतो?"

इतकी वर्षं मी हा खेळ खेळत होते... पण असं काही मला कधी सुचलंच नव्हतं. मी त्याच्याकडे पाहतच राहिले. सावळा चेहरा, कपाळावर उन्हाची तिरीप, आणि डोळ्यांत असं कुतूहल की आपणही आत्ताच जगात आलो असं वाटावं.

"चहा?" तो म्हणाला. "आता कोमटच मिळेल."

"आमच्या पेठेत पाहुण्याला 'घेणार होतात का?' असं विचारतात. कोमट म्हणजे चैन आहे."

तो हसला. आणि मी — शरयू, जी कधीच कुणाला शेवटचा शब्द बोलू देत नाही — गप्प बसले.

*

जयसिंग वाघोलीचा. घरची जमीन होती तिथे आता उंच इमारती उभ्या आहेत, पण घरामागची पत्र्याची शेड त्यानं ठेवून घेतली होती. पूर्वी तिथे गुरं बांधत. आता तिथे तो पेट्या बनवत असे. पाठीवर घेता येतील अशा बॅटऱ्या आणि घडी होणारी सौर पॅनलं. जिथे विजेचा खांब पोचत नाही तिथे त्या जात. जंगलात वाघांची मोजणी करणाऱ्यांकडे, डोंगरावर उत्खनन करणाऱ्यांकडे, लस घेऊन पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या परिचारिकांकडे.

मी पहिल्यांदा शेडमध्ये गेले तेव्हा तो एका पेटीवर हाताची मागची बाजू ठेवून उभा होता. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तशी.

"ताप आहे?" मी विचारलं.

"थोडासा." तो ओशाळला. "मीटर आहे, पण... हाताला आधी कळतं."

त्याची आई, बायडाबाई, दारातून आम्हाला बघत होत्या. "ह्यो आसाच हाय," त्या मला म्हणाल्या. "बॅटरीशी बोलतो, माणसाशी न्हाई. तुमच्याशी बोलतो का?"

"अहो काकू, मी बोलू देईन तेव्हा ना!"

त्या पदराआड हसल्या, आणि त्या दिवसापासून मला तिथे भाकरी मिळायला लागली.

एकदा मी त्याला विचारलं, हेच काम का? चांगली नोकरी सोडून?

तो बराच वेळ स्क्रू फिरवत राहिला. मग म्हणाला, "कॉलेजात असताना पुराच्या मदतीला गेलो होतो. शाळेच्या हॉलमध्ये लोकांना ठेवलेलं. जेवण होतं, पांघरुणं होती. एक आजी सारखी फोन घेऊन फिरत होती. बंद पडलेला फोन. सगळ्यांना म्हणायची, एवढा जिवंत करून द्या हो. तिला मुलाला एवढंच सांगायचं होतं, की मी आहे..." त्यानं स्क्रू खाली ठेवला. "'मी आहे' — दोन शब्द. आणि तेवढ्यापुरती वीज कुणाकडे नव्हती."

 शेडच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं.

"मग तुझी पेटी आणि माझा रेडिओ..." मी सुरुवात केली.

"हो," तो घाईघाईनं म्हणाला. आणि त्याचे कान लाल झाले.

मी त्याला कधी 'तू' म्हणायला लागले ते आठवत नाही. तो मात्र 'तुम्ही'च्या पायरीवर अडून बसला होता. आमच्या घरी आला तेव्हा बाबांनी दार उघडलं. त्याच्या खांद्यावरची पेटी पाहिली आणि म्हणाले, "आमच्याकडे दिवे आहेत."

"माहीत आहे, काका."

"मग?"

"शरयूताईंना... शरयूंना द्यायची होती. रेडिओसाठी."

"म्हणजे ती आता आणखी बोलणार," बाबा म्हणाले. "या आत. तुम्हाला बहुतेक कल्पना नाही."

जून महिन्यात आम्ही बोहरी आळीत दोरखंड आणि वायरी घ्यायला गेलो. इतर मुली म्हणे बागेत फिरायला जातात! पण जयसिंग वायरची गुंडाळी उन्हात धरून तांब्याचा रंग न्याहाळायचा, तेव्हा त्याच्याकडे पाहायला मला फार आवडायचं. तिथून चालत मंडईत गेलो, जांभळं घेतली आणि पायरीवर बसून खाल्ली.

"जीभ दाखव," मी म्हणाले.

त्यानं दाखवली. जांभळीगर्द.

"आता तुमची."

मी दाखवली. तो हसायला लागला. मग हसता हसता थांबला. डोळे मात्र तिथेच राहिले... माझ्या चेहऱ्यावर.

"शरयू," तो म्हणाला, "मला तुम्हाला एक—"

मागून टेम्पोवाल्यानं असा हॉर्न वाजवला की आम्ही दोघं उडालोच. जांभळं पायरीवरून घरंगळत गेली. ती गोळा करून होईपर्यंत त्याचं धाडस कुठल्या कुठे निघून गेलं होतं.

*

श्रावण सरत आला होता. पाऊस अनेक दिवस थांबलाच नव्हता. नदी काठ सोडून घरांत शिरली होती आणि शहराची सगळी बचाव पथकं तिकडे गुंतली होती. तेव्हा आमच्या रेडिओ मंडळातल्या आप्पासाहेबांचा फोन आला. पर्वतीजवळ त्यांचं घर, गच्चीवर एरियल, आणि संकटाच्या वेळी सगळ्यांचे निरोप तेच गोळा करायचे.

"शरयू, करवंदवाडी माहीत आहे?"

"नाही."

"कुणालाच नाही. सिंहगडाच्या बाजूच्या डोंगरात आहे. नकाशात पुणे शहर, पण ओढ्यावरचा मोरीपूल वाहून गेलाय आणि रस्त्यावर दरड आलीय. वीज नाही, फोन नाही. मच्छिंद्र म्हणून एक जण डोंगर ओलांडून खाली आलाय. सांगतो, तिथे एक बाई अडलीय. आरोग्यसेविका जवळ आहे, पण एकटी. मोठं पथक निघायला वेळ लागेल. तोवर तिथे कुणी रेडिओ घेऊन पोचलं तर..."

मी जयसिंगला फोन लावला. अर्धंच वाक्य झालं होतं.

"येतो," तो म्हणाला.

सकाळी मच्छिंद्रच्या मागोमाग आम्ही डोंगर चढत होतो. मच्छिंद्र तिशीचा, काटक, पायात चप्पलही नाही. एक पेटी त्याच्या पाठीवर, एक जयसिंगच्या. घडीची पॅनलं आम्ही तिघांत वाटून घेतली होती. धुकं इतकं की पुढच्याची पाठ दिसेना. घसरड्या जागी जयसिंग मागे वळून हात पुढे करायचा. मी हात धरायचे, वर यायचे... आणि सोडायला आम्हाला दोघांनाही जरा उशीर व्हायचा.

खिंड ओलांडली आणि खाली वाटीसारख्या दरीत वाडी दिसली. ओली छपरं, शाळेची एक खोली, तिच्या दाराशी गोळा झालेली माणसं. आणि एवढी माणसं असून विलक्षण शांतता.

नूरबानू सिस्टर दारातच भेटल्या. चाळिशीच्या असतील. डोळे रात्रभर न मिटलेले.

"पहाटे सुटका झाली," त्या म्हणाल्या. "मुलगी आहे. दिवस भरायच्या आत आलीय. आई ठीक आहे, पण बाळाला श्वास पुरत नाही. ओठ निळे पडताहेत." त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे ऑक्सिजनचं यंत्र उभं होतं. हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करणारं. "यंत्र आहे हो माझ्याकडे. वीज नाही."

 जयसिंग गुडघ्यांवर बसलाच होता.

पिन बसली. पेटीवर हिरवा ठिपका लागला. यंत्रानं एक मोठा सुस्कारा टाकला, मग दुसरा, आणि मग ते एका लयीत श्वास घ्यायला लागलं. सिस्टरनी केसासारखी बारीक नळी बाळाच्या नाकाशी धरली. बाळ आईच्या, मैनाच्या, उघड्या छातीवर होतं. एवढुसं... माझ्या दोन तळव्यांत मावलं असतं.

आम्ही सगळे त्या ओठांकडे बघत होतो. निळे. निळे. मग राखाडी. मग — मला वाटलं मला भास होतोय — फिकट गुलाबी.

"या अल्ला," सिस्टर पुटपुटल्या.

दाराशी मैनाची सासू, सोजरबाई, उभ्या होत्या. त्यांनी यंत्राला हात जोडले. मग जयसिंगला. तो एवढा गोंधळला की त्यानंही त्यांना हात जोडले.

मी बाहेर धावले. दरीतून आवाज सरळ कुठेच जाणार नव्हता, चहूबाजूंनी डोंगर. म्हणून तार मुद्दाम बुटकी बांधली, म्हणजे आवाज सरळ वर जाईल आणि आभाळाला आपटून पुण्यावर पडेल. आणि पडला!

"ऐकतोय, शरयू," आप्पासाहेब म्हणाले. "पथक निघालंय. डॉक्टर आहेत, सिलिंडर आहे. पण दरडीपलीकडून चालत येणार. संध्याकाळ होईल. खिंडीत धुकं आहे म्हणतात, वाट दाखवावी लागेल."

आत आले तर जयसिंग पेटीवर हाताची मागची बाजू ठेवून बसला होता. त्याचा चेहरा मी ओळखायला लागले होते.

"किती?" मी विचारलं.

त्यानं मला बाहेर नेलं. "हे यंत्र फार खातं. पहिली पेटी संपत आली. दुसरी आहे, पण..." त्यानं पॅनलांकडे पाहिलं. अंगणात पसरलेली, पावसानं निथळणारी. "या ढगांत ती काहीच देत नाहीत. थेंब थेंब येतंय. संध्याकाळपर्यंत नाही पुरणार."

"खोटं तरी बोल रे."

"तुमच्याशी नाही जमत."

मी रेडिओकडे गेले. आप्पासाहेबांना सांगितलं, आता मी बंद करतेय, लागेल तेव्हाच उघडेन. आणि पेटीतून रेडिओची तार काढून त्याच्या हातात दिली.

"यानं काय होणार," तो म्हणाला, "बाळाला चार-दोन मिनिटं जास्त मिळतील."

"मग ती मिळू देत."

तो माझ्याकडे बघत राहिला. रेडिओ बंद करून मी तिथे बसले आणि वाडीचा सगळा आवाजच गेल्यासारखं वाटलं. फक्त पावसाची टपटप, आणि आत त्या यंत्राचा श्वास. आम्ही दोघंही त्याच श्वासावर कान ठेवून होतो.

*

दुपार कलली तसा पाऊस थांबला. कुणाच्या लक्षातही आलं नाही आधी. मग पश्चिमेचा ढग जरासा वर उचलला गेला आणि समोरच्या डोंगराच्या माथ्यावर एक पट्टा उजळला. सोन्यासारखा पिवळा! पण फक्त तिथे, उंचावर. वाडी पश्चिमेच्या कड्याच्या सावलीत बुडालेली होती.

जयसिंग उठून उभा राहिला.

"तिथे ऊन आहे," तो म्हणाला. "आपण वर जायचं."

"पण बाळ खाली आहे."

"दुसरी पेटी खाली चालू राहू दे. पहिली रिकामी आहे, ती वर नेऊ. ढग पुन्हा बसायच्या आत जेवढी भरेल तेवढी भरू."

त्यानं पॅनलं उचलली. एकट्यानं सगळी उचलायला गेला आणि घसरला. तेव्हा भैरू पुढे आला. मैनाचा नवरा. सकाळपासून भिंतीला टेकून दगडासारखा बसलेला तो माणूस उठला, एक पॅनल डोक्यावर घेतलं आणि चढायला लागला. त्याच्यामागे सोजरबाई. मग शेजारणी, म्हातारे, मच्छिंद्र. कुणी कुणाला बोलावलं नाही. सगळी वाडी वर निघाली.

माथ्यावर वारा असा होता की पॅनल जमिनीवर ठेवलं की उलटायचं. दगड लावले, तेही हलले.

"हातात धरा!" जयसिंग ओरडला. "सूर्याकडे तोंड करून! सावली बरोब्बर मागे पडली पाहिजे. सूर्य सरकेल तसं तुम्ही सरका!"

आणि त्यांनी धरली. चिखलानं माखलेले पाय रोवून, नऊवारीचे ओचे खोचून, मुंडासी घट्ट बांधून ती माणसं ओळीनं उभी राहिली. प्रत्येकाच्या छातीशी एकेक काळी काच, आणि प्रत्येक काचेत एकेक कलता सूर्य. पन्नाशीतल्या बाया, पाठीत वाकलेले आजोबा.  सूर्य जरा कलला की सगळी ओळ जराशी वळायची, एकदम, शेतातल्या सूर्यफुलांसारखी.

मी असं काही कधी पाहिलं नव्हतं. पुन्हा पाहीन असंही वाटत नाही.

पेटीवरचा आकडा एक झाला. मग तीन. मग सात.

"भरतेय," जयसिंग म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. "शरयू... भरतेय!"

शेवटचं, सर्वांत मोठं पॅनल आम्ही दोघांनी धरलं होतं. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी. मध्ये ऊन.

"तुझी बाजू जरा वर," तो म्हणाला.

तुझी! मी ऐकलं. त्याच्या मात्र लक्षातही आलं नाही.

"अशी?"

"अजून थोडी."

"आता?"

"हां... अशीच राहा."

वारा माझे केस त्याच्या बाजूला उडवत होता. त्यानं आपलं टोक सावरलं. मग काचेवरून माझ्याकडे बघत म्हणाला, "अशीच राहा... म्हणजे, मी पॅनलबद्दल नाही बोलत."

माझं टोक खाली गेलं. पॅनल हललं.

"सावली वाकडी पडतेय," मी कशीबशी म्हणाले.

"पडू दे."

"बाळाची वीज आहे ती, जयसिंग!"

"सॉरी, सॉरी!" आणि आम्ही दोघांनी ते पॅनल असं घट्ट धरलं की जणू त्याच्याशिवाय आम्हाला उभंच राहता येत नव्हतं.

खालून हाक आली. सिस्टर हात हलवत होत्या. खालच्या पेटीचा लाल दिवा लागला होता.

जयसिंगनं तारा उपसल्या, पेटी पाठीवर टाकली आणि तो उतारावरून धावत सुटला. मी त्याच्यामागे. दोनदा पडला, दोन्ही वेळा पाठीवर नाही तर छातीवर पडला, पेटीला धक्का लागू नये म्हणून. आम्ही दारात पोचलो आणि त्याच क्षणी यंत्र थांबलं.

ती शांतता मला अजून ऐकू येते.

पिन निघाली. पिन बसली. हिरवा ठिपका. यंत्रानं सुस्कारा टाकला आणि परत श्वास घ्यायला लागलं. मैनानं डोळे मिटून घेतले. बाळाची इवलीशी पाठ वर झाली, खाली झाली.

मग मी रेडिओ उघडला. पेटी पुरेशी भरली होती, आता मिनिटं मोजायची नव्हती. पथकाकडचा रेडिओ थेट मला ऐकू येत होता. "आम्ही खिंडीजवळ आहोत," कुणीतरी धापा टाकत म्हणत होतं, "पण धुक्यात वाट... थांबा. समोरच्या माथ्यावर काहीतरी चमकतंय. खूप काहीतरी. आरसे आहेत का?"

"माणसं आहेत," मी म्हणाले. "त्यांच्याकडेच या."

वाडीनं पॅनलं खाली ठेवलीच नव्हती.

*

पथक आलं. सिलिंडर आला. तरुण डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासलं आणि लगेच निघायचं ठरवलं. डोलीत मैना, तिच्या छातीशी बाळ, बरोबर भैरू आणि सिस्टर. अजून चांगला उजेड होता. डोली खिंडीच्या पलीकडे दिसेनाशी झाली तरी कुणी घरी गेलं नाही. सगळे माझ्या रेडिओभोवती बसून राहिले. मी आवाज मोठा करून ठेवला होता, नुसती खरखर. ती खरखरही लोक मन लावून ऐकत होते.

बऱ्याच वेळानं सिस्टरचा आवाज आला. "शरयू? आम्ही पलीकडे उतरलो. अँब्युलन्समध्ये आहोत. डॉक्टर म्हणतात आता भीती नाही." जरा थांबून त्या हसल्या. "सोजरबाई आहेत का तिथे? त्यांना ऐकायला सांग."

आणि मग रेडिओतून एक आवाज आला. चिरका, संतापलेला, जगावर रुसलेला.

दिवसभरात ते बाळ रडलंच नव्हतं. त्याच्यात तेवढी ताकदच नव्हती. वाडीनं त्याचं पहिलं रडणं ऐकलं ते असं — डोंगराच्या पलीकडून, आभाळाला लागून परत आलेलं.

कुणीतरी रडायला लागलं, कुणीतरी हसायला. सोजरबाईंनी रेडिओच्या खोक्यावरून असा हात फिरवला की त्यात लेकरूच आहे. मग त्यांनी डोळे पुसले आणि आम्हा दोघांकडे पाहिलं. चिखलानं नखशिखांत माखलेले, एकमेकांना टेकून बसलेले आम्ही. टेकलोय हे आमच्या तेव्हाच लक्षात आलं.

"तुमचं लगीन झालंय न्हवं?"

जयसिंग ताडकन सरळ झाला.

"नाही हो," मी म्हणाले.

"मग ठरलंय?"

"नाही. त्यानं कधी विचारलंच नाही."

सोजरबाईंनी जयसिंगला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "का रं? डोंगरावरनं सूर्व्य उतरवून आणतोस, आन् एवढं जमंना व्हय? इचार की... उजेड हाय तवर."

सगळी वाडी गप्प झाली. खांबाआडून माना पुढे आल्या. जयसिंगनं चिखलाचे हात चिखलाच्याच पँटला पुसले. त्याचे कान पेटले होते.

"शरयू," तो म्हणाला, "मला... मंडईत बोलायचं होतं. राहिलं. नंतर रोज बोलायचं होतं, रोजच राहिलं. मला नीट बोलता येत नाही, तुला माहीतच आहे. पण तू जिथे असशील तिथे मला असायचंय. तू... माझ्याशी लग्न करशील?"

समुद्रापारच्या माणसांशी बोलणारी मी. माझ्या तोंडून शब्दच फुटेना! मी नुसती मान हलवली, पुन्हा पुन्हा, वेड्यासारखी.

"काय म्हनली?" मागून मच्छिंद्र ओरडला. "हितं मागं कळंना!"

"हो म्हणाले!" मी उभी राहून सगळा जीव घशात आणून ओरडले. "हो!"

समोरच्या कड्यानं तो शब्द उचलला आणि जसाच्या तसा परत दिला... हो! आणि दोन्ही बाजूंनी एकच उत्तर ऐकून माझा जयसिंग मटकन चिखलातच खाली बसला.